एका दाताचा फरक

गाडी रोजच खोकायची, त्यामुळे तिच्या खोकल्याकडे घरात कुणी लक्ष देत नसे. त्या सकाळी मात्र ती कराकरा दात खायला लागली.

आई रोपवाटिकेच्या जाळीखाली रोपांना पाणी घालत होती. तिची झारी तशीच हवेत राहिली. "बंद कर! अगं बंद कर आधी!"

भिंगरीने किल्ली फिरवून गाडी बंद केली. भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. पण पोरगी एका जागी दोन घास खाईपर्यंतसुद्धा बसत नाही म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? परीक्षा संपल्यापासून तर ती घरातल्या प्रत्येक कामात नाक खुपसत सुटली होती. गाडी सकाळी जरा गरम करून ठेवायची, हे काम तिने कुणी न देताच आपल्याकडे घेतलं होतं.

"मी काही केलं नाही हं," ती खिडकीतून ओरडली.

"तू काही केलं नाहीस," बाबा म्हणाले. ते पायरीवर बसले होते. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. जाळीचा पाइप बांधताना शिडी घसरली होती, आणि बाबांनी पडता पडता हात नेमका आपल्याच अंगाखाली घेतला होता. आता शर्टाची बटणं आई लावायची, आणि लावताना दर वेळी "हं, मान वर" म्हणायची. बाबांना ते मोडलेल्या हाडापेक्षा जास्त दुखत असावं. "चेन आहे ती. टायमिंग चेन. सैल होऊन झाकणाला घासतेय."

"मग आता?"

"आता गाडी हलवायची नाही. चेन तुटली तर इंजिनच संपलं."

आईने झारी खाली ठेवली आणि रोपांकडे बघितलं. ते सगळ्यांनीच बघितलं. जाळीखाली मिरचीच्या रोपांचे ट्रे एकाला एक लागून मांडलेले होते. चार बोटं उंचीची असताना जमिनीत जायला हवी होती ती रोपं, आणि गेले काही दिवस गरम वारा सुटल्यापासून वीतभर झाली होती. आणखी थोडे दिवस ट्रेमध्ये राहिली तर माना टाकणार. ही सगळी रोपं चढावरच्या काकूंची होती. काकूंचं शेत चढ संपल्यावर, वरच्या माळावर. त्यांनी जमीन तयार करून भिजवून ठेवली होती, लावणीला बायका सांगून ठेवल्या होत्या. ऐन लावणीच्या दिवसांत दुसरी गाडी मिळणं म्हणजे उघड्या माळावर सावली शोधण्यातला प्रकार. ज्याच्याकडे चार चाकं होती तो आपापल्या मालामागे पळत होता. आणि काकूंनी आदल्याच दिवशी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "वहिनी, परवापर्यंत नाही आली तर मी त्या दुसऱ्या रोपवाटिकेला सांगते हं. रागावू नका." एकदा दुसरीकडे गेलेल्या काकू पुढच्या वर्षी परत येणार नव्हत्या, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं.

"उद्याबघूला बोलवा," आई म्हणाली.

उद्याबघू म्हणजे गॅरेजवाला. त्याला कुठलंही काम सांगा, तो आधी हात पुसतो, मग आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, "उद्या बघू." त्या दिवशीही त्याने तेच केलं. फक्त बाबांकडे बघून दया आली म्हणून एक जडसा पुलर देऊन टाकला. "पुली काढायला लागेल, दादा. पण काढणार कोण? हाताची ही दशा!"

"मी," भिंगरी म्हणाली.

उद्याबघू हसला. बाबा हसले नाहीत. आईही नाही. तेवढ्यावर ठरलं.

नवी चेन, दोन नवी दातेरी चाकं आणि टेन्शनर हे सगळं बाबांनी केव्हाच आणून कपाटात ठेवलं होतं. हंगाम संपला की बदलू, हंगाम संपला की बदलू, असं म्हणता म्हणता डब्यावर धूळ बसली होती.

"आता ऐक," बाबा उलट्या क्रेटवर बसत म्हणाले. "इंजिनाच्या तोंडाशी, झाकणाच्या आत, दोन चाकं. एक खाली, एक वर. खालचं फिरलं की चेन वरच्याला फिरवते."

"सायकलीसारखं."

"सायकलीसारखंच. फरक इतकाच की सायकलीची चेन घसरली तर तू पडतेस. इथं घसरली तर इंजिनाला आपली दारं कधी उघडायची आणि कधी लावायची तेच कळत नाही. आणि तिसरी वस्तू, टेन्शनर. तो चेन ताणून धरतो."

"घरात मी करते ते," आई म्हणाली.

रेडिएटरचं पाणी बादलीत काढलं. गंजून चहाच्या रंगाचं झालं होतं. "हे माझ्या रोपांजवळ आणायचं नाही," आईने बजावलं. रेडिएटर निघाला, पंखा निघाला, पट्टा निघाला. काढलेला प्रत्येक बोल्ट भिंगरी बाबांच्या प्लास्टरमधून डोकावणाऱ्या बोटांत देत होती आणि बाबा तो डाव्या हाताने ओळीने फळीवर मांडत होते. आयुष्यभर पाना फिरवलेला माणूस, आता खुंटीसारखा बसून बोल्ट धरत होता. एकदा बोल्ट निसटला, गाडीखाली गेला, आणि बाबांना वाकता येईना. भिंगरी पोटावर सरपटत आत गेली आणि तो दातांत धरून बाहेर आली.

"थुंक तो! थुंक! कुत्र्याची पोर आहेस का?"

"मला काय माहीत, तुम्हीच सांगा," भिंगरी म्हणाली, आणि आई इतकी हसली की तिला जाळीचा खांब धरावा लागला.

पुलीचा नट मात्र हलेना. आईला आत बसवलं, गिअरमध्ये गाडी आणि ब्रेकवर दोन्ही पाय. पान्याला लांब पाइप लावला आणि भिंगरी त्या पाइपला लोंबकळली. नट ढिम्म. तिने पाय बंपरला लावले, डोळे मिटले, सगळं अंग मागे टाकलं. 'टक्' असा आवाज झाला आणि ती बादलीसकट चहाच्या रंगाच्या पाण्यात बसली.

"निघाला!" ती बसल्या जागेवरून ओरडली.

"तू निघालीस," बाबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की ओली चड्डीसुद्धा तिला बक्षिसासारखी वाटली.

झाकण उघडलं तेव्हा आत काळं, चकचकीत, गोडसर वासाचं तेल आणि त्यात ओल्या दोरीसारखी लोंबणारी चेन. टेन्शनरच्या रबराला दोन खोल चऱ्या पडल्या होत्या. चाकांचे दात एका बाजूला झिजून मांजरीच्या नखांसारखे वाकले होते. बाबा वाकून बघत राहिले. "बिचारी," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही.

"आता काहीही हलवायच्या आधी खुणा कर. होतं तसं."

इथं बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. 'होतं तसं' हा त्यांचा मंत्र होता. नळाची तोटी बदलायची असो की घड्याळातला सेल, बाबा आधी खूण करणार, मग उघडणार आणि काडीचाही फरक न करता परत बसवणार. एकदा त्यांनी रेडिओ पूर्ण उघडून साफ केला होता. परत जोडल्यावर तो आधी जेवढा खरखरायचा तेवढाच खरखरला, आणि बाबा खूश झाले होते. "बघ, होतं तसं!"

भिंगरीने आतून आपली लाल नेलपेंटची बाटली आणली. खालच्या चाकाच्या एका दातावर लाल टिकली, त्याला लागलेल्या कडीवर लाल टिकली. वर तसंच. मग जुनी चाकं काढून नव्या चाकांशेजारी ठेवली, दांड्यावर बसणाऱ्या खाचेपासून दात मोजले आणि त्याच दातांवर नव्या टिकल्या लावल्या.

तेवढ्यात उद्याबघू मोटारसायकलवरून चालला होता. थांबला. "अरे वा, नटवलंय! आता मेंदी काढा."

"काका, तुम्ही उद्या बघा," भिंगरी मान वर न करता म्हणाली. मोटारसायकल निघून गेली.

नवी चाकं नव्या चेनीत बसवून आत सरकवताना तिला एक गोष्ट दिसली. नव्या चाकांवर कारखान्याने ठोकलेला एकेक बारीक ठिपका होता. खालच्या चाकाचा ठिपका सरळ वर बघत होता. वरच्या चाकाचा ठिपका खाली, त्याच्याकडे बघायला हवा होता. पण तो जरा बाजूला, रुसल्यासारखा तोंड फिरवून बसला होता.

"बाबा, हे ठिपके समोरासमोर येत नाहीत."

"तुझ्या लाल खुणा जुळतात का?"

"जुळतात. पण ठिपके..."

"ठिपके कारखान्याचे. गाडी माझी. गेली इतकी वर्षं ती या जागेवर चालली ना? होतं तसं बसव."

भिंगरीने बसवलं. गॅस्केट, झाकण, पुली, पंखा, रेडिएटर. तिची बोटं सोलवटली होती, नखांत काळं गेलं होतं, पाठ भाजल्यासारखी दुखत होती. पण शेवटचा बोल्ट आवळताना ती गात होती, आणि सूर चुकत असूनही कुणी तिला गप्प केलं नाही.

आई स्टिअरिंगवर बसली. किल्ली फिरली. इंजिन दोन-तीनदा कुरकुरलं आणि सुरू झालं. दात खाण्याचा आवाज पार गेला होता! भिंगरीने अंगणात उडीच मारली.

उडी मारून खाली येईपर्यंत इंजिन थरथरायला लागलं. कार्बोरेटरमधून शिंकल्यासारखं 'फुस्स... फट्' झालं. आईने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी नुसती गुरगुरली. रिकामीच गाडी चढाच्या पायथ्याला नेऊन बघितली. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, जेमतेम अर्धा चढ. मग आईने ती मागे सोडली. भरलेल्या ट्रेंचं तर नावच काढायला नको.

संध्याकाळी जेवायला तिघंही बसली, पण कुणी कुणाकडे बघेना. आई बाबांचा घास डाव्या हाताला सोपा जाईल असा तोडून ठेवत होती.

"कार्बोरेटर," बाबा म्हणाले. "चेन बसली ती बसली. कचरा आलाय कार्बोरेटरमध्ये. उद्याबघूला बोलावतो."

"तो उद्या बघेल," आई म्हणाली. "आणि काकूंच्या बायका उद्याच येणार आहेत."

भिंगरी ताटातल्या भाताला चमच्याने रेघा मारत होती. "बाबा, गाडी चढावर आजच दमली का?"

"नाही. ती कधीचीच दमतेय. म्हातारी झाली."

"कधीची म्हणजे कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे... थंडीत पुलाजवळ तो मोठा बार उडाला ना सायलेन्सरमधून, तेव्हा पेट्रोलमध्ये पाणी आलं होतं, तेव्हापासून."

"त्याच्या आधी ती चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जायची," आई हळूच म्हणाली. "मीच नेलीय."

भिंगरीचा चमचा थांबला. पाठीचं दुखणं कुठल्या कुठे गेलं. "पाणी नव्हतं आलं, बाबा! त्या दिवशी चेन सरकली. सैल होतीच, एक दात सरकली, म्हणून बार उडाला आणि म्हणून तेव्हापासून दम नाही. मी जुन्या चेनीच्या जागेवर खुणा केल्या. म्हणजे चुकीच्या जागेवर खुणा केल्या! आपण चूक जशीच्या तशी, नेलपेंट लावून, नव्या चेनीवर बसवली!"

"ए," बाबांचा आवाज चढला. "ही गाडी मी तुझ्या जन्माआधीपासून चालवतोय. तू कालपर्यंत पाना आणि पक्कड यातला फरक विचारत होतीस. एकदा झाकण उघडलं म्हणून..."

"होय, एकदाच उघडलं. म्हणून मी ठिपके बघितले. तुम्ही उघडलं असतं तर खुणाच बघितल्या असत्या."

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. पण तिने मान खाली घातली नाही. बाबा उठले. हात धुवायला गेले आणि नळ डाव्या हाताने उलटा फिरवत बसले, तर तो आणखी आवळला गेला. कुणी मदतीला गेलं नाही. मदतीला गेलं असतं तर ते जास्त वाईट झालं असतं.

"अहो," आई बसल्या जागेवरून म्हणाली, "गाडी दमली की तुम्ही म्हणता म्हातारी झाली. मी दमले की मलाही तेच म्हणता. एकदा आत उघडून बघायला काय हरकत आहे?"

नळ सुटला. बाबांनी हात धुतले.

"उजाडल्यावर," बाबा पाठमोरे म्हणाले.

उजाडायच्या आधीच भिंगरी अंगणात होती. कालचं इंजिन आज थंड आणि ओळखीचं होतं. कुठला बोल्ट कुठं अडतो, कुठला पाना कुठं बोटं चेचतो, सगळं हातांना ठाऊक झालं होतं. पुलीच्या नटाला तिने बादली आधीच लांब ठेवली. झाकण निघालं तेव्हा आई अजून चहाच गाळत होती.

भिंगरीने खालच्या चाकाचा दांडा, म्हणजे क्रँक, फिरवून खालचा ठिपका सरळ वर आणला. मग आत धावत जाऊन कंपासपेटीतली पट्टी आणली आणि खालच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या चाकाच्या मध्यापर्यंत उभी धरली. खालचा ठिपका पट्टीच्या काठावर. वरचा ठिपका बाहेर. किती बाहेर? बरोबर एक दात.

"या," ती म्हणाली. फक्त एवढंच. बाबा वाकले. एक डोळा मिटला. पट्टी त्यांनी तिच्या हातातून आपल्या डाव्या हातात घेतली, स्वतः धरून बघितली, उचलली, परत धरली. भिंगरी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खरं असेल की नसेल ही भीती नव्हतीच तिला. बाबा ते म्हणतील की नाही, एवढीच होती.

"एक दात," बाबा म्हणाले.

"एक दात," भिंगरी म्हणाली.

"पूस तो लाल रंग."

नेलपेंट पुसायला आईने कापूस दिला. चेन चाकांसकट पुढे ओढून वरचं चाक एक दात फिरवलं, परत आत सरकवलं. पट्टी लावली. दोन्ही ठिपके काठावर आले, एकमेकांकडे बघत, जशी काही भांडण मिटलेली माणसं. टेन्शनर सोडला आणि चेन सतारीच्या तारेसारखी ताठ झाली.

"थांब, झाकणाची घाई नको," बाबा म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज पुन्हा त्यांचा होता. "आधी हाताने पूर्ण दोन फेरे फिरव. कुठं काही अडलं तर जोर लावायचा नाही, लगेच थांबायचं. किल्ली फिरवण्याच्या आधी हातानं विचारायचं असतं."

तिने फिरवलं. जड, गुळगुळीत, कुठेही न अडता. दोन फेऱ्यांनंतर ठिपके परत काठावर. बाबांनी मान हलवली.

सगळं जोडून झाल्यावर आई आत बसली. इंजिन सुरू झालं, आणि पहिल्याच क्षणी वेगळं होतं. थरथर नव्हती, शिंका नव्हत्या. तरी बाबांनी बोट वर केलं. "अजून नाही. बार उडाला तेव्हा मी डिस्ट्रिब्युटर, तो ठिणगीची वेळ ठरवणारा, फिरवून ठेवला होता, कशीबशी चालावी म्हणून. तो जागेवर आणायला हवा. ते मी करणार."

डाव्या हाताने, कान इंजिनाकडे, डोळे मिटून त्यांनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला. आणखी केसभर. इंजिनाचा सूर चढला, गोल झाला, स्थिर झाला. "आवळ," ते म्हणाले, आणि भिंगरीने आवळलं.

ट्रे भरले. गाडीच्या मागच्या हौद्यात फळ्यांवर रोपं एकावर एक, हिरवी भिंत उभी राहिली. आई स्टिअरिंगवर, बाबा शेजारी, भिंगरी मागे ट्रेंना पाठ लावून. चढाच्या पायथ्याशी आईने दुसरा गिअर टाकला. गाडी चढू लागली. बाबांच्या चांगल्या हाताने दाराची मूठ घट्ट धरली होती. निम्म्या चढावर, काल जिथून माघार घेतली होती तिथं, आईने एकदा बाबांकडे बघितलं आणि तिसरा गिअर टाकला.

"अगं!" बाबा म्हणाले.

गाडी कुरकुरली नाही. भरल्या पोटाने, शांतपणे, चढ चढून वर माळावर आली. आईने दोनदा हॉर्न वाजवला. माळावर कुणी नव्हतं. एक टिटवी उडाली, तेवढंच.

काकू बांधावरच उभ्या होत्या, कमरेवर हात. मागे बायका डोक्याला फडकी बांधून तयार. "मी आत्ता फोनच लावणार होते त्यांना," काकू म्हणाल्या. मग ट्रे बघितले. "अगं बाई, किती उंच झालीत! जरा खोल लावू या, चालेल. चला गं, उतरवा!"

भिंगरीने टुणकन उडी मारली आणि पहिल्याच ट्रेला हात घातला.

"थांब!" काकू किंचाळल्या. "ते हात बघ! कोपरापर्यंत तेल! माझ्या रोपांना लावायचं नाही ते. तिकडे उभी रहा."

म्हणून भिंगरी बांधावर उभी राहिली, काळे हात अंगापासून लांब धरून. आई ट्रे उतरवत होती, बायका उतरवत होत्या, बाबासुद्धा एका हाताने ट्रे छातीशी धरून चालत होते. जन्मात पहिल्यांदा ती सगळे काम करत असताना रिकामी उभी होती, आणि काय सांगायचं, तिला अजिबात लाज वाटत नव्हती.

बायकांतली एक म्हणाली, "काय गं पोरी, काय उपसत होतीस?"

भिंगरीने तोंड उघडलं. पण बाबांनी हातातला ट्रे सरीच्या कडेला ठेवला आणि याचीच वाट बघत असल्यासारखे ते मध्येच बोलू लागले.

"मी सांगतो, मी सांगतो. चेन एक दात सरकली होती, महिनोन्‌महिने. आणि मी काय म्हणत बसलो? पेट्रोलमध्ये पाणी! मग म्हणालो, कार्बोरेटर! अहो, हसू नका, पुढे ऐका. नवी चेन आणली, तर मी तीसुद्धा चुकीच्याच जागी बसवायला लावली. ही मला ठिपका दाखवतेय, आणि मी म्हणतोय, ठिपके कारखान्याचे..."

बायका रोपं हातात धरून हसत होत्या. काकू म्हणाल्या, "दादा, मग लावलं कुणी बरोबर?"

बाबांनी प्लास्टरमधला हात उचलून बांधाकडे केला.